डॅलबीच्या नावावरचं दुखणं

नाशिक, ता. ३ नोव्हेंबर १९३६

चि. यादव यास तुझ्या बापाचा आशीर्वाद.

तुझ्या पत्राला फार उशिरा उत्तर लिहितो आहे, राग धरू नकोस. तुझं पत्र आलं ते गेल्या सालच्या रंगपंचमीला, आणि आता त्यानंतरची दुसरी दिवाळी तोंडावर आली. मध्ये डोळ्यांतून पाणी येत होतं, मग पावसाळ्यात टांग्याचं चाक मोडलं, मग बोटं आखडली. अशी कारणं पुष्कळ आहेत. तू ती मानणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

खरं कारण ती तार. तू लिहिलं होतंस की तिकडे सिनेमात घोडा पाडायचा असला की त्याच्या पुढच्या पायांना तार बांधतात, तारेचं दुसरं टोक जमिनीत गाडतात आणि घोडा भरधाव सोडतात. तार संपली की घोडा तोंडावर येतो. त्यावर मी तुला आपल्या चांदणी घोडीची शपथ घालून कळवलं की असल्या घोड्यावर बसणार असलास तर या घरी पत्र टाकू नकोस. तुझं उत्तर थोडक्यात आलं. 'पुढच्या चित्रात तारेशिवाय पडून दाखवतो असं कंपनीला सांगितलं आहे. बघू.' मी त्यावर काही लिहिलं नाही आणि मग तुझंही काही आलं नाही. मी लिहिलं ते चूक होतं असं आजही म्हणणार नाही. जनावर आपल्या भरवशावर पळतं. त्याचेच पाय बांधायचे, हे आपल्या घरात कोणी केलेलं नाही.

आज लिहायला बसलो कारण रविवार कारंज्यावर डॅलबीची जाहिरात लागली. 'लाल खिंड' असं खेळाचं नाव लिहिलं आहे. पांढरा घोडा दोन पायांवर उभा आणि रॉस डॅलबी टोपी हलवतो आहे. खाली लिहिलं आहे, 'जन्मला तोच खोगिरावर!' मी टांगा उभा करून लोकांचं बोलणं ऐकत होतो. एक जण म्हणाला, "म्हातारा झाला लेकाचा, पण बसतो बघा कसा!" माझ्या अगदी ओठावर आलं होतं की अरे, हा कसायाचा मुलगा, बर्फाच्या गावचा. बावीस वर्षांचा होईपर्यंत याने घोड्याला हात लावला नव्हता. पडद्यामागचे वासे ठोकायला म्हणून कंपनीत लागला आणि त्याची हनुवटी कोणाला तरी आवडली. मूकपटांत मोठा झाला. बोलपट आले तेव्हा आवाज निघाला बारीक, म्हणून कंपनीने त्याला कमी बोलायला आणि जास्त दौडायला लावलं. आणि दौडायला तर तो भितो. दौडतो माझा यादव, भद्रकालीतल्या देवराम टांगेवाल्याचा, सर्कशीबरोबर गेला तो तिकडेच राहिलेला. पण तू लिहिलं होतंस की कोणाला सांगायचं नाही, कंपनीची तशी अट आहे. मी तोंड मिटून घोडा हाकला.

तुझ्या आईला एवढंच ठाऊक आहे की तू साहेबाचे घोडे सांभाळतोस. उद्या एकटाच जाऊन खेळ बघून येतो, मग सविस्तर लिहीन.


ता. ५ नोव्हेंबर १९३६

चि. यादव,

काल खेळ पाहिला. आज पुन्हा पाहिला. कसं लिहावं ते कळत नाही, जसं घडलं तसं लिहितो.

पिटात पुढे बसलो होतो. पहिल्याने डॅलबी दिसला, अगदी जवळून, गाल सुटलेले, केस काळे केलेले. मग दुरून दाखवतात तसं दाखवलं, कुंपणाजवळ घोडा उभा, आणि एक माणूस धावत आला तो घोड्याच्या उजव्या अंगाला. उजवा पाय रिकिबीत घातला आणि वर.

यादव, मी उभाच राहिलो. मागून कोणी तरी ओरडलं, "ओ बाबा, पागोटं खाली घ्या की, घोडा दिसंना!" मी बसलो. सगळी दुनिया डावीकडून चढते. आपल्या चांदणीचा डावा डोळा गेलेला, डावीकडून कोणी आलं की ती बिचकायची, म्हणून तू लहानपणापासून उजवीकडून चढलास. नऊ-दहा वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही. तुझा पाय पाहिला. लोक 'डॅलबी, डॅलबी' म्हणून शिट्ट्या मारत होते आणि मी मनात म्हणत होतो, मारा, अजून मारा.

मग ती खिंड आली. वरून भरधाव येतोस, मागून गोळ्या सुटतात, आणि कड्यावरून घोडा व तू दोघं खाली येता. धुळीत काही दिसेना. घोडा आधी उठला. अंग झाडलं आणि पळाला. तू उठला नाहीस.

लगेच डॅलबीचं तोंड दाखवलं, कपाळाला थोडी माती लावलेली, आणि तो हसत उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तू उठायची वाट बघत राहिलो.

इथपर्यंत मी मनाची समजूत घातली असती. पण शेवटी पुन्हा दौड आहे. त्यातही दुरून एक जण येतो आणि घोड्यावर चढतो. तो डावीकडून चढला. काल मला वाटलं डोळ्यांत पाणी होतं म्हणून चुकलं. आज मुद्दाम डोळे पुसून बघितलं. डावीकडूनच. तो तू नव्हेस.

खिंडीच्या आधी तू आहेस आणि खिंडीनंतर तू नाहीस. याचा अर्थ काय घ्यायचा? हे पत्र मिळताच दोन शब्द लिही.


ता. ९ नोव्हेंबर १९३६

चि. यादव,

घरात भांडण झालं आहे. झुंबरबाई शेजारीण, तिला कोणाचं काय चाललंय ते बघण्याशिवाय काम नाही. ती तुझ्या आईला म्हणाली, "सावित्रीबाई, तुमचे मालक रोज पिटात दिसतात. या वयात कुणाचं याड लागलं?"

मी घरी आलो तर तुझी आई भाकरी टाकायची थांबली.

"पिटात जाऊन बसता म्हणजे यादवचा साहेबच गावात आला असणार, अन् मला सांगितलं नाय?"

"साहेब कुठला येतोय? त्याचं चित्र आलंय."

"मग चित्र बघीन."

"तिथं काय बघायचंय तुला? गोरे लोक, बंदुकीचा धूर. डोकं दुखेल."

"घोडे असतील ना? माझ्या लेकाच्या हातचे घोडे तरी बघीन. तुम्ही रोज जाता ते डोकं दुखवून घ्यायला जाता का?"

ती आजवर थेटरची पायरी चढलेली नाही. पण ती हट्टाला पेटली की तू जाणतोसच. म्हणून मी रहेमानकडे गेलो. तुझ्या वर्गातला रहेमान आता थेटरात मशीन चालवतो, तुझं गुपित माझ्याशिवाय त्यालाच ठाऊक आहे. त्याला म्हणालो, तेवढा पडायचा तुकडा कापून टाक.

"काका, कंपनीचा माल हाय. मी फीत कापली तर मालक मला कापील."

"मग मी काय करू? ती पाहील आणि तिथेच कोसळेल."

त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, "भिंगापुढं माझी टोपी धरतो. तेवढ्यापुरता अंधार. पण लोकांच्या शिव्या मी नाय खाणार, त्या तुमच्या नावावर."

तसं केलं. तुझी आई वर बायकांच्या जागेत आणि मी खाली पिटात. खिंड आली आणि पडदा काळा झाला. जो काय आरडाओरडा झाला! "रहेमान झोपला काय रे!" "दिव्यात तेल घाला!" एकाने तर चप्पल फेकली. मग उजेड झाला तेव्हा डॅलबी हसत उठत होता. मला वाटलं, निभावलं.

येताना ती टांग्यात मागे बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "अंधार झाला तेव्हा समदे ओरडले. तुम्ही एकटेच नाय ओरडलात. मी वरून बघत होते."

मी उगाचच चाबूक वाजवला.


ता. १२ नोव्हेंबर १९३६

चि. यादव,

परवा मी स्टेशनावर गेलो असताना तुझी आई झुंबरबाईला घेऊन परत थेटरात गेली. रहेमानला कळलंच नाही, त्यामुळे टोपी नाही. तिने सगळं पाहिलं.

मी घरी आलो तर ती दिवाळीचं तळण तळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपला यादव पडतो ते काम करतो होय. घोडे सांभाळतो म्हणे."

मी पागोटं काढून खुंटीला अडकवलं.

"झुंबरला काय कळलं नाय. मी ओळखला. पण तुम्ही त्या घोड्याचे पाय बघितले का?"

मी म्हणालो, मी यादवला बघत होतो.

"मी घोडा बघितला. त्याच्या पायात तार नव्हती. कडा आला तेव्हा यादवने लगाम आपल्याकडे ओढला अन् घोड्याला कुशीवर घेतलं. घोड्याचं तोंड जमिनीला लागू दिलं नाय. म्हणून घोडा उठला." मग झारा कढईवर तसाच धरून म्हणाली, "अन् स्वतः खाली गेला. तुमचं ऐकलं पोरानं."

तिने मला बोल लावला नाही. पुढचा घाणा कढईत सोडला. तार वाईट असं मी आजही म्हणतो. पण त्या दिवशीचं तळण मी अजून तोंडात घातलेलं नाही.

डाव्या बाजूने चढणाऱ्या माणसाचं मी तिला सांगितलेलं नाही. ते रहेमानला सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून जवळ येऊन बसला.

"काका, तुम्ही सिनेमा पोथीसारखा वाचता. आधीचा अध्याय आधी अन् नंतरचा नंतर. सिनेमा तसा काढत नाय कोणी. शेवटची दौड आधी काढली असेल, खिंड मागून. लग्न आधी काढतात अन् भेट नंतर. सगळे तुकडे मग जोडतात."

"खरं सांगतोस?"

"मशीनवाल्याला विचारता काय, कुठल्याही सिनेमावाल्याला विचारा."

मला आधी फार बरं वाटलं. म्हणजे खिंडीनंतर तू नाहीस असं धरायचं कारण नाही. घोड्याला दाणा घालताना मी गुणगुणलोसुद्धा. मग मनात आलं, दौड आधी काढली असली तर मग खिंड शेवटची असू शकते. शेवटची म्हणजे त्यानंतर काहीच काढलं नाही. आणि दौड आधीची, तर तेव्हा तू असून दुसरा का चढला? तू आजारी होतास का? रहेमान म्हणाला, "काका, आता मला विचारू नका, माझं डोकं फिरेल."

खेळ आज इथून मालेगावला गेला. आता मला पुन्हा बघताही येणार नाही.


ता. २० डिसेंबर १९३६

चि. यादव,

तुझं उत्तर अजून नाही. टपालवाला म्हणतो बोटीने यायला वेळ लागतो, पण तो मला आता लांबून बघूनच मान हलवतो.

एक बातमी हाती लागली आहे. देवळालीच्या छावणीत गोरे शिपाई सिनेमाची मासिकं वाचून टाकून देतात, ती रहेमान आणतो. त्यातलं एक जुनं, गेल्या सालचं, त्यात डॅलबीविषयी छापलं आहे. रहेमानने बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं. 'लाल खिंड' काढताना रॉस डॅलबीने दुसऱ्या कोणाला पुढे न करता स्वतः कड्यावरून घोडा घातला. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या गेल्या. इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण बरेच महिने खाटेवर पडून राहावं लागेल. हजारो लोकांनी त्याला फुलं पाठवली. शेजारी चित्र आहे, डॅलबी आपल्या बागेत खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला आहे.

मांडीचं हाड मोडलेला माणूस पायावर पाय टाकतो का रे? म्हणजे मोडलं ते तुझं. खिंडीत तू गेलास, नाव त्याचं झालं, तसंच दुखणंही त्याच्या नावावर लागलं. आणि तसं असलं तर 'जिवाला धोका नाही' हेही तुझंच. मी ते वाक्य रहेमानकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तो म्हणतो, छापलेलं कितपत खरं धरायचं, काका, ज्यांनी 'जन्मला तोच खोगिरावर' असं छापलं तेच हे लोक. असं बोलतो आणि मग माझ्याकडे बघून म्हणतो, पण डॉक्टरचं म्हणणं खोटं कशाला छापतील.

तुझ्या आईला हे सांगावं लागलं. तिने विचारलं, "साहेबाचं नाव काय म्हणालात?" मी सांगितलं. मग तिने ते मासिक पाटावर ठेवलं आणि मीठ-मोहऱ्या घेऊन डॅलबीच्या चित्रावरून उतरवल्या. मी म्हणालो, अगं, हा गोरा, कसायाचा पोर, याची दृष्ट काय काढतेस? म्हणाली, "दुखणं कागदावर ज्याच्या नावाने लागलंय त्याच्याच नावाने उतरायचं. माझ्या लेकाचं नाव तिथं लिहिलंय कुठं?"

शुक्रवारी कालिकेच्या देवळात जाऊन नवसही बोलून आली. पुजाऱ्याने विचारलं कोणासाठी, तर म्हणाली, डॅलबीसाठी. पुजारी म्हणाला, हे कुठलं गाव? झुंबरबाईने गल्लीभर केलं आहे की सावित्रीबाईंनी गोऱ्या नटासाठी नवस बोलला. बायका तिला पाणवठ्यावर विचारतात, "काय, डॅलबीभावजींचं बरं आहे ना?" ती पदर सावरून म्हणते, "आहे, हळूहळू उतार पडतोय."

ती असं म्हणते तेव्हा मलाही खरं वाटतं. तू तिला खोटं पाडू नकोस.


ता. २ एप्रिल १९३७

चि. यादव,

परवा रंगपंचमी झाली. तुझ्या शेवटच्या पत्राला दोन वर्षं झाली. रहाडीच्या हौदावर गर्दी होती, पोरं उंचावरून रंगाच्या पाण्यात उड्या घेत होती. पूर्वी मी काठावर उभा राहून हसायचो. आता कोणी उडी घेतली की तो वर येईपर्यंत मी आकडे मोजतो. एक जण जरा वेळ वर आला नाही तर मी ओरडलो, बघा रे त्याला! लोक म्हणाले, म्हाताऱ्याला भांग चढली.

मी आजवर टाकलेल्या पत्रांपैकी एकही परत आलेलं नाही. पत्त्यावर माणूस नसला तर पत्र परत येतं असं टपालवाला म्हणतो. मग लगेच म्हणतो, अमेरिकेचं काही सांगता येत नाही. असं बोलायचं असेल तर आधीचं तरी कशाला बोलावं?

काल रहेमानने नवीन मासिक आणलं. त्यात छापलं आहे की रॉस डॅलबी आता बरा झाला, पण घोड्यावरची चित्रं त्याने कायमची सोडली. पुढच्या चित्रात तो न्यायाधीश होणार आहे, खुर्चीत बसून बोलणार. त्याने म्हटलं आहे, 'त्या खिंडीनंतर मला खोगिरावर बसावंसं वाटत नाही.' रहेमानने वाचून मासिक मिटलं. तुझी आई दारात उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे चांगलं की वाईट?"

मी चांगलं म्हणालो. मग रात्रंदिवस तेच चघळतो आहे. डॅलबी कधी घोड्यावर बसतच नव्हता, तर तो घोडा सोडतो कसा? ज्याच्या जिवावर बसत होता तो उरला नाही म्हणून सोडतो. उरला नाही म्हणजे काय? पाय अधू झाला असेल, तू आता चढू शकत नसशील, आणि दुसरा माणूस डॅलबीला नको असेल. तू लिहिलं होतंस की तो वाईट माणूस नाही, रोज सकाळी थरथरत्या हाताने घोड्याला साखर घालतो. असा माणूस कोणासाठी तरी काम सोडील. पण अधू माणसासाठी सोडील की दुसऱ्या कशासाठी, हे मला इथे बसून कळत नाही. मासिकात छापत नाहीत. डॅलबीचं जेवढं छापतात तेवढंच मला तुझं कळतं, आणि आता तो घोड्यावरून उतरला, म्हणजे यापुढे मला तुझा पायसुद्धा दिसायचा नाही.

तुझ्या आईचा नवस फेडायचा की थांबायचं यावर आमचं रोज होतं. ती म्हणते, साहेब बरा झाला असं छापलंय, फेडून टाकू. मी म्हणतो, थांब. का थांब ते सांगत नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं ते.

तू जर चालत-फिरत असलास, आणि पोटासाठी पुन्हा तेच काम धरलं असलंस, तर तार बांध. ऐकतोस ना? तार बांध आणि घोड्याला पडू दे. मी चांदणीची शपथ घालून तुला जे बजावलं होतं ते मी मागे घेतो. त्या जनावराचं जे काय पाप लागायचं ते माझ्या माथी. मी जन्मभर घोड्यांच्या जिवावर जेवलो आहे, त्यांच्याशी माझा मी बघून घेईन. तू लगाम आपल्याकडे ओढू नकोस.

आणि काम सुटलं असलं तर ये. नवा घोडा शहाणा आहे, दोन्ही डोळ्यांनी बघतो, पण मी अजून त्याच्या उजवीकडूनच जातो. तो मान वळवून बघतो, हा म्हातारा असा काय म्हणून. टांग्यावर बसायला धड पाय लागतोच असं नाही, मी चढवीन.

या पाकिटात दुसरं पाकीट घातलं आहे. त्यावर आपला पत्ता रहेमानने इंग्रजीत लिहून ठेवला आहे, तुला काही करायला नको. हात चालत नसला तर कोणाकडून लिहव. मराठी लिहिणारा नसला तर इंग्रजीत लिहव, रहेमान वाचील. आणि तू नसलास, आणि हे पत्र दुसऱ्याच कोणी फोडलं असलं, तर त्या माणसानेही दोन ओळी टाकाव्या, मी त्याचे उपकार मानीन. पण तूच फोड, यादव. तूच फोड आणि लवकर कळव. तुझी आई दारातच बसलेली असते.

तुझा बाप
देवराम